गोळ्या वेळेवर घेण्याबद्दल काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नमस्कार. मी फार्मासिस्ट आहे, नागपुरात मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून १९ वर्षं झाली. (मेडिकल म्हणजे दुकान बरं का, मेडिकल चौकातलं मोठं मेडिकल, म्हणजे सरकारी दवाखाना, तो नाही, नागपुरात हे आधी सांगावं लागते.) रोज फिरून फिरून तेच प्रश्न येतात आणि गर्दीत नीट उत्तर देता येत नाही, मागचा माणूस "भाऊ लवकर करा, गाडी रस्त्यातच लावली आहे" म्हणत राहतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही. डोस कमीजास्त करणं हे तुमच्या डॉक्टरचंच काम, पण दिलेलं औषध घरी गेल्यावर नीट पोटात कसं जाईल हे मात्र आमच्या धंद्यातलं आहे.

बीपी नॉर्मल आलं, बरं वाटते, मग गोळी कायले खायची?

हा एक नंबरचा प्रश्न. मे महिन्यात कूलर लावून खोली थंड झाली की आपण "झाली ना थंड आता" म्हणून कूलर काढून ठेवतो का? नाही. कारण बाहेर ऊन तसंच आहे. बीपीचं तसंच आहे, गोळी चालू आहे म्हणून आकडा नॉर्मल आहे. बीपी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, आणि आत किडनी, डोळे, हृदय यांच्यावर काम सुरूच राहते. शुगरचंही जवळपास तेच.

वजन कमी झालं, मीठ कमी केलं, रोज चालायला लागले, तर डॉक्टर खरंच गोळी कमी करतात, अशी मंडळी मी पाहिली आहेत. पण ते डॉक्टरला ठरवू द्या. काही गोळ्या तर एकदम बंद करणं धोक्याचं असते. मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल (बीपी-हृदयाच्या गोळ्या) अचानक सोडलं तर बीपी-धडधड उसळू शकते, छातीत दुखू शकते. जास्त दिवस घेतलेलं स्टेरॉइड (प्रेडनिसोलोन वगैरे) हळूहळूच उतरवावं लागते. फिट्सची गोळी सोडली तर फिट येऊ शकते, मग भलेही २ वर्षं एकही आली नसो.

मी गोळ्या रोज घेत नाही हे डॉक्टरला सांगू का? रागावतील ना.

सांगा. रागावले तर ५ मिनिटं रागावतील. नाही सांगितलं तर काय होते ते सांगतो.

आमच्याकडे नागपूरच्या महाल भागातले एक काकाजी यायचे, रिटायर्ड माणूस, बोलायला एकदम गोड. बीपीची गोळी आठवड्यातून ३-४ दिवसच घ्यायचे. डॉक्टरनं विचारलं, "रोज घेता ना?" तर हे म्हणाले "हो हो, रोज." बीपी १७० च्या वर. आता डॉक्टरच्या जागी तुम्ही असते तर काय केलं असतं? त्यांना वाटलं गोळी पुरत नाही, त्यांनी डोस वाढवला, पुढच्या वेळी दुसरी गोळी जोडली. काकाजी त्याही तशाच अधूनमधून. मग महालक्ष्म्यांना त्यांची मुलगी अमरावतीहून आली, तिनं चिठ्ठी पाहिली, आणि बापाला रोज सकाळी समोर उभं राहून सगळ्या गोळ्या दिल्या, शिस्तीत. चौथ्या दिवशी काकाजी बाथरूममधून निघताना चक्कर येऊन पडले, मनगट मोडलं. दवाखान्यात बीपी मोजलं तर ९० च्या खाली. गोळ्या बरोबर होत्या, मुलगी बरोबर होती, डॉक्टरही बरोबर होते, फक्त ते एक "हो हो, रोज" खोटं होतं.

आणि खरं सांगू, मला माहीत होतं. १० गोळ्यांचा पत्ता काकाजींना २० दिवस पुरायचा, हिशोब तर काउंटरवरच दिसतो. मी बोललो नाही, म्हटलं आपल्याला काय करायचं, गिऱ्हाईक नाराज होईल. आता मी बोलतो. पण "घेता ना?" असं विचारत नाही, त्याचं उत्तर सगळ्यांचं हो असते. मी विचारतो, "काकाजी, आठवड्यातून किती वेळा सुटते?" मग माणूस मोकळा होतो. घरच्यांनीही असंच विचारून पाहा.

आणि हे फक्त आपल्याच लोकांचं आहे असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ च्या अहवालात लिहिलं आहे की पैसेवाल्या देशांतसुद्धा जुनाट आजाराचे जवळपास निम्मेच लोक औषध सांगितल्याप्रमाणे घेतात. म्हणजे सांगायला लाज वाटण्यासारखं काहीच नाही. न घेण्यामागे कारण असते, पैसे, मळमळ, सकाळची घाई, चिठ्ठीच समजली नाही, आणि कारण कळलं तर त्यावर काहीतरी करता येते.

एक डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घेऊ का?

नका घेऊ. साधारण नियम असा की आठवलं तेव्हा घ्या, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. इन्सुलिन, रक्त पातळ करायची गोळी, फिट्सची गोळी, गर्भनिरोधक गोळी, यांचे नियम वेगवेगळे आहेत, तिथे अंदाजानं चालू नका, फोन करून विचारा. थायरॉइडची गोळी एक दिवस सुटली तर घाबरू नका, ती शरीरात बरेच दिवस टिकते, पण म्हणून रोज सोडायची असं नाही.

घेतली की नाही तेच आठवत नाही!

माझ्या आईचं रोजचं. शंका असेल तर शक्यतो पुन्हा घेऊ नका, विशेषतः शुगर आणि बीपीची, डबल झाली तर त्रास जास्त. उपाय अगदी साधा आहे: पत्त्याच्या मागे बॉलपेननं प्रत्येक गोळीवर वार लिहा, सोम, मंगळ, बुध. आईच्या पत्त्यावर मी दर महिन्याला हे करतो, २ मिनिटं लागतात. मंगळवारची जागा फुटलेली आहे म्हणजे मंगळवारची घेतली, विषय संपला. गोळ्या जास्त असतील तर ७ खणांची डबी भेटते, रविवारी रात्री भरून ठेवायची. पण एका वेळी आठवड्याच्याच काढा, महिन्याच्या सगळ्या पत्त्यातून मोकळ्या करून बरणीत टाकू नका, दमट हवेत खराब होतात आणि कोणती कोणाची तेही कळत नाही.

मोबाइलचा अलार्म चांगला, पण लोक तो बंद करतात आणि "चहा झाला की घेतो" म्हणून विसरतात. त्यापेक्षा जी गोष्ट तुम्ही मरेपर्यंत विसरणार नाही तिला गोळी बांधा. ब्रश. देवाचा दिवा. रात्री दाराला कडी लावणं.

चिठ्ठीवर १-०-१, बीडी, एचएस असं काय काय लिहिलेलं असते?

१-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. आम्ही पाकिटावर सूर्य-चंद्र काढून देतो, ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते बरं पडते, मागून घ्या, संकोच करू नका.

एक गोष्ट मात्र लाल पेननं लिहून ठेवा. काही औषधं आठवड्यातून एकदाच असतात. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल बऱ्याचदा आठवड्याला एक असते. आणि संधिवातासाठी देतात ती मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. ही रोज घेतली तर जिवावर बेतते, अक्षरशः. असं औषध घरात असेल तर वार पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा आणि घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.

जेवणाआधी की नंतर, काय फरक पडते?

काहींना काहीच नाही, काहींना खूप. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत, आणि मग अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. इथेच आपल्याकडे गाडी अडते, चहाशिवाय सकाळ होत नाही ना. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीपासून ४ तास लांब ठेवा नाहीतर ती नीट लागतच नाही.

मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) जेवणासोबत किंवा लगेच नंतर, नाहीतर पोट बिघडते. ग्लिमेपिराइड (हीपण शुगरचीच) नाश्त्याच्या किंवा पहिल्या जेवणाच्या थोडं आधी, आणि ती घेतल्यावर खायचंच, "तर्री-पोहे ११ वाजता खाऊ" असं नाही चालत, शुगर पडते. पँटोप्रॅझॉल खाण्याच्या अर्धा तास आधी, भरल्या पोटी घेऊन "गॅसच्या गोळीनं फरक नाही" म्हणणारे रोज भेटतात. लोहाची गोळी चहा-दुधासोबत नको, लिंबूपाणी नाहीतर आपलं संत्रं चालते, त्यातल्या क जीवनसत्त्वानं लोह जास्त लागते. शौच काळं झालं तर घाबरू नका, लोहानं होते ते.

गोळ्या गरम पडून राहिल्या, उन्हाळ्यात बंद ठेवू का?

"गरम पडते" हा शब्द मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्यामागे खरा त्रास असतो, फक्त नाव वेगळं. तोंड येते, जळजळते, चक्कर येते, कोरडा खोकला लागते. तुम्ही डॉक्टरला "गरम पडते" म्हणाले तर त्यांना काही कळत नाही, पण "ही गोळी सुरू झाल्यापासून कोरडा खोकला आहे" म्हणाले तर लगेच कळते, कारण रॅमिप्रिल-एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी काही लोकांना तसा खोकला होतोच आणि गोळी बदलता येते. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनं पायाला घोट्यापाशी सूज येऊ शकते. मेटफॉर्मिननं सुरुवातीला पोट फुगते, ढाळ लागते, मग डॉक्टर कमी डोसपासून सुरू करतात किंवा हळू विरघळणारी देतात. तर काय होते, कधीपासून, कोणत्या वेळी, एवढं कागदावर लिहून न्या. अंगावर पित्त उठणं, ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं असं काही झालं तर मात्र कागद नको, थेट दवाखाना.

उन्हाळ्याचं म्हणाल तर एक खरी काळजी आहे. लघवी जास्त होणाऱ्या गोळ्या आणि बीपीच्या काही गोळ्या चालू असताना उलट्या-जुलाब झाले किंवा ऊन लागून अंगातलं पाणी गेलं तर बीपी खूप उतरू शकते, किडनीवर ताण येतो. अशा वेळी गोळ्या चालू ठेवायच्या की दोन दिवस थांबवायच्या हे त्याच दिवशी डॉक्टरला फोन करून विचारा. त्याहून चांगलं म्हणजे मार्चमध्येच विचारून ठेवा.

आमच्याकडे ४५ डिग्री होते, औषधं कुठं ठेवायची? इन्सुलिनचं काय?

आधी कुठं ठेवायची नाहीत ते सांगतो. स्कूटरच्या डिक्कीत. लोक माझ्याकडून इन्सुलिन घेतात, डिक्कीत टाकतात, मग सीताबर्डीला खरेदी, मग कोणाकडे बसणं, ३ तासांनी घरी. मे महिन्यात डिक्कीत पापड भाजून निघतो हो, इन्सुलिनचं काय राहणार आहे. मग शुगर वाढली की "डुप्लिकेट दिलं" म्हणून माझ्याशी भांडण.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीत, मधल्या कप्प्यात. फ्रीजरमध्ये नाही, मागच्या भिंतीला टेकवून नाही, एकदा गोठलं की फेकायचं. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण ४ आठवडे बाहेर चालते (काहींचं कमी-जास्त, पाकिटावर बघा), पण "बाहेर" म्हणजे २५-३० डिग्रीपर्यंत, नागपूरचं बाहेर नाही. त्यामुळे आपल्याकडे मार्च ते जून बाटली फ्रिजमध्येच ठेवलेली बरी, टोचायच्या थोडं आधी काढायची.

फ्रिज नाही? माठ आहे ना. मोठ्या माठात ओली रेती, त्यात छोटं मडकं, त्या मडक्यात प्लास्टिकच्या डबीत बंद करून इन्सुलिन, वरून ओलं फडकं, आणि हे सगळं सावलीत, हवा लागेल असं. आपला उन्हाळा कोरडा म्हणून पाणी भराभर उडते आणि माठ चांगला थंड होतो. पावसाळ्यात मात्र हवा दमट, माठ तितका थंड होत नाही, पण तेव्हा तशी गरजही कमी असते. लाइट गेली तर फ्रिज उघडझाक करू नका.

गोळ्यांना फ्रिज लागत नाही, पण स्वयंपाकघरात गॅसच्या वरचं फडताळ आणि खिडकीतली उन्हाची जागा सोडून कुठंही ठेवा. कपड्यांचं कपाट सगळ्यात चांगलं.

उपवासाला गोळ्या चालतात का? गोळीनं उपवास मोडते का?

देवाला विचारायचं ते तुमचं तुम्ही बघा. माझ्यापुरतं सांगतो: शुगरची गोळी घेऊन काहीच न खाणं आणि गोळी सोडून साबुदाणा-बटाटा हाणणं, दोन्ही वाईट. नवरात्राचे ९ दिवस असोत की रमजानचा महिना, आधी एक-दोन आठवडे डॉक्टरकडे जाऊन वेळा बदलून घ्या. बऱ्याच गोळ्यांच्या वेळा हलवता येतात. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर उपवास तिथेच सोडून साखर खायची.

महिन्याचे २५०० परवडत नाहीत, म्हणून दिवसाआड घेतो.

असं करू नका, त्यापेक्षा डॉक्टरला सरळ म्हणा, "साहेब, स्वस्तातलं लिहून द्या." जेनेरिकमध्ये मीठ (म्हणजे गोळीतलं मूळ औषध, खायचं मीठ नाही) तेच, डोस तोच, आणि जनऔषधी केंद्रात बऱ्याच गोळ्या निम्म्याहून कमी दरात मिळतात. हे मी दुकानदार असून सांगून राहिलो. मेयो, मेडिकलसारख्या सरकारी दवाखान्यात बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या मोफत भेटतात, साठा असेल तर. रांग लागते, तेही खरं.

एक खबरदारी मात्र घ्या. कंपनी बदलली की नाव, रंग, आकार सगळं बदलते. आमच्या एक मावशी जुनी पांढरी आणि नवी गुलाबी अशा दोन्ही गोळ्या घेत होत्या, आतून दोन्ही टेल्मिसार्टन, एकच बीपीचं औषध. म्हणून मोठ्या अक्षरातलं नाव बघू नका, खाली बारीक अक्षरात मीठ लिहिलेलं असते ते बघा. आणि अर्धा पत्ता कापून घेताना एक्स्पायरी ज्या टोकाला छापली आहे तो तुकडा शेवटपर्यंत घरात राहू द्या.

गोळी मोठी आहे, कुटून किंवा तोडून देऊ का?

मध्ये रेघ असेल तर बहुतेक वेळा तोडता येते. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असं असेल तर कुटायची नाही, ती दिवसभर हळूहळू विरघळायला बनवली आहे, कुटली की सगळं एकदम अंगात जाते. काही जण घाबरून येतात की "गोळी शौचातून अख्खीच निघाली". एक्सआर मेटफॉर्मिनचं तसं होते, ते रिकामं टरफल असते, औषध आधीच निघून गेलेलं असते.

टीबीची २ महिने घेतली, खोकला गेला, वजन वाढलं. बस झालं ना?

नाही झालं. साध्या टीबीचा कोर्स ६ महिन्यांचा, पहिले २ महिने ४ औषधं, पुढचे ४ महिने ३. खोकला जाते तेव्हा बरेच जंतू मेलेले असतात पण जे चिवट ते बाकी असतात, आणि मध्येच सोडलं तर तेच वाढून औषधाला दाद देत नाहीत. मग उपचार लांब आणि जड. लघवी केशरी होते ती त्यातल्या रिफॅम्पिसिन या औषधानं, रक्त नाही ते. त्याच औषधानं गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो, हे बायकांना कोणी सांगतच नाही म्हणून इथं लिहिलं. डोळे पिवळे झाले, सारखी उलटी, नजर धूसर झाली तर थांबू नका, केंद्रावर जा. औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत आणि निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला पैसे येतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केले. बँक खातं जोडलं आहे का तेवढं बघा.

मुलाला सिकलसेल आहे, हायड्रॉक्सीयुरिया रोज देऊनही दुखणं आलंच. बंद करू?

सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, विदर्भात हा प्रश्न घरोघरी आहे. ही दुखण्यावरची गोळी नाही, दुखणं वारंवार येऊ नये यासाठीची आहे, आणि असर दिसायला काही महिने रोज घ्यावी लागते. मधूनमधून रक्ताची तपासणी चुकवू नका, तिच्यावरच डोस ठरतो. पाणी भरपूर, उन्हाळ्यात तर शाळेत दोन बाटल्या द्या आणि बाईंना सांगून ठेवा की याला लघवीला जाऊ द्या. पुढे मोठेपणी मूल होऊ द्यायचं असेल, मुलगा असो की मुलगी, तर आधी डॉक्टरशी बोलणं लागते.

उरलेलं अँटिबायोटिक ठेवून देऊ का, पुढच्या वेळी कामी येईल?

नको. पत्त्यावर उभी लाल रेघ आहे ना, ती यासाठीच की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. डॉक्टरनं जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्या, मग उरणारच नाही.

मी पुण्याला, आईबाबा नागपुरात एकटे. फोनवरून काय करू शकतो?

बरंच. "गोळ्या घेतल्या का?" हे रोज विचारू नका, आई "घेतल्या रे बापा" म्हणते आणि विषय बदलते. त्याऐवजी व्हिडिओ कॉलवर डबी दाखवायला सांगा, मंगळवारचा खण रिकामा आहे का. सगळ्या पत्त्यांचा एकेक फोटो मोबाइलमध्ये ठेवा, म्हणजे कोणत्याही डॉक्टरला दाखवता येते. एकच मेडिकल ठरवा, त्या दुकानदाराचा नंबर घ्या, महिन्याच्या गोळ्या संपायच्या ५ दिवस आधी तो फोन करेल अशी सोय करून द्या, आम्ही करतो हे, पैसे नाही घेत. आणि दिवाळीला आले की एक दिवस आईचा औषधाचा डबा पलंगावर उलटा करा. आत काय काय निघते ते बघाल तर चाट पडाल, माझ्या स्वतःच्या आईच्या डब्यातून २०१७ मध्ये मेलेल्या आमच्या आजीच्या गोळ्या निघाल्या होत्या, आणि त्यातल्या दोन कमी होत्या.